चान्यांचं पहिलं पाणी

सगळ्याचं मूळ ते पाकीट.

घुग्घुसच्या ज्या सिमेंट कारखान्यात मी केमिस्ट आहे, तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी जिमला जातो. शिफ्ट सकाळची असो की दुपारची, त्याच्या खिशात काहीतरी चावायला असतंच. गेल्या जूनमध्ये चहाच्या वेळी त्याने तळहाताएवढं चकचकीत पाकीट फाडलं, त्यातून एक काळपट वाकडी पट्टी काढली आणि दाताने ओढायला लागला. वास माझ्या नाकात गेला तसा मी हातातलं काम ठेवून दिलं.

"काय खाऊन राह्यला बे?"

"धुरावर वाळवलेलं मटण आहे भाऊ. ऑनलाईन मागवलं. फुल प्रोटीन."

"अबे, हे तर चान्या आहेत!"

ज्यांच्या घरी चान्या होत्या त्यांना काही सांगायला नको. ज्यांच्या घरी नव्हत्या त्यांच्यासाठी सांगतो. बोकडाचं मटण बोटभर लांब पट्ट्यांत कापायचं, मीठ-हळद चोळायची, उन्हात वाळवायचं आणि मग चुलीच्या वर बांधलेल्या तारेवर टांगून ठेवायचं. खाली रोजचा स्वयंपाक होत राहतो, वर धूर लागत राहतो. पंधरा-वीस दिवसांत पट्टी अशी होते की दारावर आपटली तर आतला माणूस "कोन हाय?" म्हणून विचारेल. मग ती डब्यात जाते आणि पावसाळ्यात, घरात भाजी नसते, बाजाराची वाट चिखलात जाते, तेव्हा बाहेर येते. आमच्या घरी दर पावसाळ्यात हेच. शाळेत डब्यात चान्या असल्या की मी बोरीच्या झाडामागे जाऊन डबा उघडायचो, वासावरून पोरं नाक मुरडायची म्हणून. आणि आज तोच वास चकचकीत पाकिटात, मागे छापील तक्त्यासह, माझ्या प्रयोगशाळेत कौतुकाने चघळला जात होता!

मी पाकीट उलटं करून तक्ता वाचला. शंभर ग्रॅममध्ये जवळपास निम्मं प्रोटीन. निम्मं! ताज्या मटणात पाचवा हिस्सादेखील जेमतेम असतो. हिशोब सोपा होता. पाणी उडालं, बाकीचं सगळं उरलं, म्हणून दाट झालं. मी दिवसभर ओलावाच मोजतो, चुनखडीतला, कोळशातला. ही गोष्ट मला नाही कळणार तर कुणाला? पाकीट मी डाव्या हातात धरलं होतं आणि अंगठा तक्त्याच्या खालच्या बाजूला होता. अंगठ्याखाली आणखी दोन ओळी होत्या. त्यांचं नंतर पाहू.

मला इतकं स्फुरण चढायचं कारण घरी होतं. माझी माय.

माय राहते धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, एकटी, दोन शेळ्यांसोबत. एप्रिलमध्ये तिला टायफॉईड झाला आणि मी तिला उचलून घुग्घुसच्या क्वार्टरमध्ये आणलं. ताप गेला, पण माय अर्धी करून गेला. वजन अडतीस किलो. खाटेवर झोपली की चादर सरळ करायला गेलेली बायको, आत माय आहे हे कळून दचकायची. आणि या अडतीस किलोच्या बाईचा एकच धोशा होता: आषाढी पौर्णिमेच्या आत मले गावी पोचव.

कारण वाचन. आषाढी पौर्णिमेपासून पावसाळ्याचे तीन महिने आमच्या गावच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि गेली सोळा वर्षं तो माय वाचते. ती तिसरी शिकलेली. बाकी अक्षरओळख तिने माझ्याच पुस्तकांवरून केली, मी शाळेतून पळून जायचो त्या वेळात. माझं शिक्षण तिच्या कामी आलं ते असं. चष्मा लावून, मांडी घालून, ती असं वाचते की बाया तोंडातला खर्रा थुंकून ऐकायला बसतात. या वर्षी ती नाही म्हणून विहाराच्या बायांनी गावातल्या टेलरबाईला विचारून ठेवलं होतं. शेजारची काकू फोनवर रोज बातमी द्यायची आणि माय रोज पेटायची.

"थे टेलरबाई वाचनार! दोन पानं एकदम पलटवते थे! अन् मंधातच पानी पेते!"

"पिऊ दे न माय, घसा सुकतो."

"माहा नाई सुकत काऊन?"

मी अट घातली. वजन बेचाळीस झालं की गावी. त्याच्या आत नाही. हा आकडा कुठून आला विचारू नका. गणित शिकलेल्या माणसाला अट घालायची असली की आकडा आपोआप येतो. दर रविवारी सकाळी बाथरूमच्या दाराशी वजनकाटा ठेवायचा, माय त्यावर चढायची, मी वाकून वाचायचो, बायको साक्षीदार. पहिल्याच रविवारी वजन सव्वा किलोने वाढलं. मी टाळ्या वाजवणार तोच मायच्या ओच्यातून खलबत्त्याचा बत्ता निसटून फरशीवर पडला.

"हे काय व माय?"

"माले काय मालूम? अटकला असन."

बत्ता जप्त झाला. त्या दिवसापासून वजनाआधी बायको झडती घ्यायची. एकदा अडकित्ता निघाला, एकदा दीड पाव शेंगदाणे.

तर अशा परिस्थितीत मला ते पाकीट दिसलं. मायने हिवाळ्यात केलेल्या चान्यांचा डबा गावच्या घरी भरलेला होता. काकूला फोन केला. काकूने डबा गडचिरोलीला येणाऱ्या गाडीत ठेवला, तिथून तो चंद्रपूरच्या गाडीत चढला. आमच्याकडे एसटीने काहीही येतं; आंबे, मोहफुलं, कोंबडी. मी स्टँडवर घ्यायला गेलो तर कंडक्टर डबा अंगापासून लांब धरून उभा.

"तुमचा काय जी हा डब्बा? मूल स्टँडपासून आख्खी गाडी भुकेली बसली आहे. एक म्हातारा तर उतरतच नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी चार चान्या खिशात घालून कामावर गेलो. बिनआकड्याचं मी आईला काही खायला देणार नव्हतो. चान्या बारीक केल्या, काट्यावर तोलल्या आणि कोळशाच्या नमुन्यांशेजारी ओव्हनमध्ये ठेवल्या. वीस मिनिटांत अख्ख्या प्रयोगशाळेला आमच्या स्वयंपाकघराचा वास सुटला. साहेब दारात आले.

"हे कुठलं सॅम्पल आहे?"

"सेंद्रिय पदार्थ आहे सर," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

ओलावा अगदी कमी निघाला. मायची चुलीवरची तार माझ्या ओव्हनच्या तोडीस तोड काम करते हे सिद्ध झालं. मी कागदावर तक्ता मांडला: प्रोटीन इतकं, लोह इतकं, स्निग्ध इतकं. बरेचसे आकडे मोबाईलवरून उचललेले होते, पण आलेखाच्या कागदावर लिहिले की कुठलाही आकडा आपला वाटतो. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला.

संध्याकाळी मायने चान्या पातेल्यात भिजत घातल्या. तासाभराने उठली, पातेलं उचललं आणि मोरीकडे निघाली.

"माय! कुठी चालली?"

"पानी फेकाले."

"अव, सगळं प्रोटीन त्या पाण्यात आहे! तेच फेकून राह्यली!"

"पहिलं पानी फेकाचंच रायते गा. माही सासू फेकत होती, मी फेकतो. पहिलं पानी चान्याईचं नाई, मिठाचं रायते."

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ज्या बाईने आयुष्यात पाकिटामागचा तक्ता पाहिला नव्हता, तिने तक्त्यातली नेमकी माझ्या अंगठ्याखालची ओळ मला म्हणून दाखवली होती. आणि मी काय केलं? मी तिला विद्राव्य पदार्थ समजावून सांगितले. पाण्यात काय काय विरघळतं, जीवनसत्त्वं कशी वाहून जातात, आपल्या लोकांचं सत्त्व असं मोरीतून कसं गेलं, इथपर्यंत मी पोचलो.

बायको पोळ्या लाटत होती. "तुम्ही कारखान्यात सिमेंट चाखून पाहता का हो?" तिने विचारलं. "मग स्वयंपाकात काऊन येता?"

तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. मायने पातेलं खाली ठेवलं. "शिकला आहेस बाबू, तुले जास्त समजते," ती म्हणाली. या वाक्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत नाही.

त्या दिवसापासून पहिल्या पाण्यातच रस्सा. वर एक वाटी 'सूप', म्हणजे तेच पाणी, मिरं घालून. दुपारी विस्तवावर भाजलेल्या दोन चान्या, तोंडी लावायला. टिकवायच्या चान्यांत मीठ किती घालतात हे मला पाठ होतं. लहानपणी परातीत मीठ ओतायचं काम माझंच होतं. माय म्हणायची, पावसाळाभर टिकलं पायजे, हात आखडू नको. पण ते आठवायला डोकं रिकामं लागतं, माझं प्रोटीनने भरलेलं होतं. रस्सा मलाही खारट लागायचा. मी म्हणायचो, धुराची चव आहे.

आणि काय सांगू, वजन वाढलं! चान्या सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी साडेएकोणचाळीस. दुसऱ्या रविवारी एकेचाळीसच्या वर काटा. मी स्वतः बायकोला दोनदा झडती घ्यायला लावली. बत्ता जागेवर, अडकित्ता डब्यात, ओच्यात नुसती हवा. मायचा चेहरा भरला होता, गाल वर आले होते. मी फ्रिजवरच्या कागदावर लाल ठिपका दिला आणि कारखान्यात पेढे वाटले. जिमवाल्या सहकाऱ्याला सांगितलं, "तुझं पाकीट फेक, डब्बा मागव." त्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं. साहेबांनी पेढा खाऊन विचारलं, "मुलगा झाला?" मी म्हटलं, "माय वाढली सर."

मायने पिशवी भरायला घेतली. पौर्णिमा पंधरा दिवसांवर होती. चष्मा पुसून वर ठेवला. काकूला फोनवर सांगितलं, "टेलरबाईले सांग, मशीन चालव म्हना, पुस्तक ठेव म्हना खाली."

मंगळवारी सकाळी ती फाटकापर्यंत फिरायला निघाली आणि तिथल्या तिथे बसली.

"हे चप्पल आटली वाट्टे," ती म्हणाली. "पाय जाऊनच नाई राह्यला."

"नवीन घेऊ," मी म्हटलं. मी खुशीत होतो. अंगाने भरली की पायानेही भरणारच, असा माझा शास्त्रीय निष्कर्ष.

बायको मात्र खाली बसली. तिने मायच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. तिने दुसरीकडे दाबलं, तिथेही खड्डा. मग वर माझ्याकडे पाहिलं.

"हे घ्या तुमचं प्रोटीन," ती म्हणाली.

तिचा आवाज टोमण्याचा नव्हता, म्हणून मीही खाली बसलो. मायला विचारलं, दम लागतो का? ती म्हणाली, नाई. बायको म्हणाली, "कालपासून दोन उशा घेऊन झोपून राह्यल्या त्या." मायने तिच्याकडे असं पाहिलं, जसं साक्षीदार फुटल्यावर आरोपी पाहतो.

चंद्रपूरला जाणाऱ्या ऑटोत मी ड्रायव्हरला सारखा 'जोरानं चालव' म्हणत होतो. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, धूळ, आणि शेजारी माझी एकेचाळीस किलोची माय, जिचे वाढलेले किलो मी पाजलेलं पाणी होतं. मध्येच ती म्हणाली, "गाडी जोरानं चालवाले नको सांगू. मी काई मरून नाई राह्यलो." मी तिचा हात धरला. हातावरही माझ्या बोटांचे ठसे उठत होते.

डॉक्टरबाईंनी तपासलं, छातीचा आलेख काढला, रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. मग मला विचारलं, "खायला काय देता?"

मी प्रोटीनपासून सुरुवात केली. खरं सांगतो, त्या भीतीतही मी आकडे सांगत होतो. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"आणि मीठ किती?"

माझ्या तक्त्यात मिठाची ओळच नव्हती.

"मीठ पाणी धरून ठेवतं. तुम्ही काय करता?"

"केमिस्ट आहे," मी म्हटलं, पण इतक्या हळू की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

"हृदय ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि मी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "रक्तदाब वाढलाय. आजारातून उठलेलं शरीर, त्यावर मिठाचा मारा. गोळ्या देते, मीठ कमी करा, दहा दिवसांनी आणा. पदार्थ वाईट नाही हो. आजींना विचारून करायचा होता."

आजी छताकडे पाहत बसल्या होत्या.

परत येताना मी मायला म्हटलं, "तुले तर माहीत होतं. मग पेत काऊन राह्यली?"

ती बाहेर पाहतच म्हणाली, "पह्यल्या दिवशी सांगतलं न मी. तू आयकलं नाई. मंग काटा वर जाऊन राह्यला होता. म्हटलं जाऊ दे, खारट तं खारट, बेचाळीस तं होऊन राह्यले."

म्हणजे बत्ता तिने शेवटपर्यंत सोडला नव्हताच. फक्त ओच्यातून पायात नेला होता, आणि तो तिथे ठेवायला मीच मदत केली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी, जे सगळ्यात आधी करायचं होतं ते केलं. चान्या भिजवलेलं पाणी बाटलीत घालून नेलं. सिमेंटमध्ये क्लोराईड किती हे पाहायची चाचणी आमच्याकडे रोज होते. माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताने. चांदीच्या क्षाराचे चार थेंब टाकायचे, मीठ असलं की पांढरं फुटतं. मी दोन थेंब टाकले आणि बाटलीत दही लागलं. त्याच चान्या दुसऱ्यांदा भिजवलेल्या पाण्यात टाकले तर नुसतं धुकं. जिमवाल्याने ड्रॉवरमधून त्याचं रिकामं पाकीट शोधून दिलं. या वेळी मी ते उजव्या हातात धरलं. खालून दुसरी ओळ: सोडियम. आकडा असा, की तो अंगठ्याने झाकण्याच्या लायकीचाच होता. संध्याकाळी मी ते पाकीट मायसमोर धरून माझा अंगठा कुठे होता ते दाखवलं.

दहा दिवसांत पाय उतरले. वजन किती? साडेएकोणचाळीस. म्हणजे खरी कमाई दीड किलो, बाकी सगळं माझं कर्तृत्व वाहून गेलं. पौर्णिमा तीन दिवसांवर. मायने भरलेली पिशवी सोडली नव्हती, पण तिच्याकडे पाहतही नव्हती. मी पुन्हा काटा काढला तर म्हणाली, "राहू दे. नाई भरत मी."

हे वाक्य मला रक्तदाबापेक्षा जड गेलं.

डॉक्टरबाईंकडे गेलो. रक्तदाब बरा होता. मी विचारलं, गावी जाऊ द्यायचं का, वजन तर बेचाळीस नाही. "बेचाळीस कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग त्या मायला म्हणाल्या, "आजी, गावी जाऊन करणार काय?"

"वाचतो मी."

"काय वाचता? दम लागत नाही?"

मायने चष्मा लावला. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं मोठं पोस्टर होतं. मायने पाठ ताठ केली, पदर सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तळव्यावर तळवा चोळावा. बोटांच्या बेचक्या स्वच्छ कराव्यात. प्रत्येक वाक्याला थांबा, प्रत्येक शब्दाला वजन. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. एका बाईने डोक्यावरून पदर घेतला. शेवटची ओळ संपली, 'स्वच्छ कपड्याने हात पुसावेत', आणि मायने चष्मा काढला. एकदाही अडखळली नव्हती, पाणी मागितलं नव्हतं.

"जाऊ द्या यांना," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत, महिन्याने दाखवायचं. आणि तिथे यांच्या स्वयंपाकघरात तुम्ही जायचं नाही."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी तिला गावी सोडलं. काकूने चूल पेटवून ठेवली होती. मायने पिशवी टेकवली, शेळ्यांना शिव्या घातल्या आणि चान्या भिजत टाकल्या. तासाभराने पातेलं उचलून माझ्यासमोरून, अगदी सावकाश, मला नीट दिसेल अशा बेताने, पहिलं पाणी अंगणात फेकलं. दुसरं पण फेकलं. जेवणात मला चार चान्या वाढल्या, स्वतः दोन घेतल्या. खारट नव्हत्या. धुराची चव काय असते ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विहारात मागे बसलो. टेलरबाई पुढच्या रांगेत, पाण्याचा तांब्या घेऊन. माय वाचत होती आणि मी तिचे श्वास मोजत होतो. तिसऱ्या पानावर मोजायचं विसरलो.

निघताना तिने मला एक डबा दिला, माझ्यासाठी आणि त्या जिमवाल्यासाठी. वजनकाटा मी तिच्याकडे ठेवून आलो. काकू त्यावर शेळीचं पिल्लू तोलते असं कळतं. गाडीत बसल्यावर डब्याकडे लक्ष गेलं. झाकणावर वहीचा कागद खळीने चिकटवला होता आणि त्यावर मायचं मोठं, एकेक अक्षर सुटं ठेवलेलं अक्षर:

'बोकडाच्या चान्या. मीठ भरपूर आहे. पहिलं पाणी फेकणे. दुसरंही फेकणे. एका माणसाला चार, शहाण्याला दोन. कागदावर अंगठा ठेवू नये.'